जागच्या जागी लावलेले आकडे

किस्से काही कोणी जमवायला बसत नाही. काम चालू असतं, मध्येच घाबरगुंडी उडते, ती कशीबशी निस्तरली जाते आणि माणूस विसरून जातो. मग कधीतरी कोणाच्या तरी लग्नात पंगतीला शेजारी बसलेलं असताना एकजण म्हणतं, "ते मुरबाडचं आठवतं का गं?" झालं. पानातला भात निवतो आणि एकामागून एक सगळं बाहेर पडतं. आमच्याकडे असे बरेच साठलेत. आता सांगताना हसू येतं, पण घडत होते तेव्हा त्यातला एकही गमतीचा नव्हता.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. शहापूरला एसटी स्टँडच्या मागे, खताच्या दुकानाच्या वर देसले सरांचं छोटंसं ऑफिस होतं. सर कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे. मुदतीआधीच निवृत्ती घेतली आणि म्हणाले, आकड्यांचं काम करायला प्रत्येकानं मुंबईच का गाठायची? शाळा, संस्था, प्रयोगशाळा आम्हाला आकडे पाठवायच्या. आम्ही ते तपासून, लावून, तक्ते करून परत द्यायचो. आम्ही म्हणजे तिघं. खर्डीचा दिनेश, मुरबाडकडची वैशाली आणि मी, सापगावची सुजाता. दिनेश आता ठाण्याला एका कंपनीत आहे, वैशाली कल्याणला शिकवते.

सरांनी आम्हाला पायथन शिकवलं आणि त्यातली आकडेमोडीची एक फुकट मिळणारी लायब्ररी. तिच्यात आकड्यांची रांग करून ठेवायची, त्या रांगेला ॲरे म्हणायचं. सॉर्ट म्हटलं की आकडे लहानापासून मोठ्यापर्यंत लागतात. पण लावायच्या तऱ्हा दोन. एकीत लावलेली रांग नवीन मिळते, जुनी आहे तशी राहते. दुसरीत तीच रांग जागच्या जागी हलते. आमची मशीन जुनी, मेमरी जेमतेम. मोठ्या ॲरेची कॉपी करायला गेलं की स्क्रीन थिजून जायचा. म्हणून सरांचं सांगणं होतं, जागच्या जागी लावा. आणि त्याला जोडूनच दुसरं वाक्य यायचं, "पण एकदा लावलं की आधी कोण कुठे उभं होतं ते मशीनला विचारू नका. त्याला आठवत नाही."

आमची सगळी भीती त्या दुसऱ्या वाक्यात होती.

*

पहिला मान दिनेशचा. नोकरीला लागून फार दिवस झाले नव्हते. एका शाळेच्या निकालाचे गुण तो आठवडाभर खपून टाइप करत होता, तेही फाइल न करता, थेट चालू प्रोग्रॅममध्ये, मशीन रात्रीही चालू ठेवून. कोणी सांगितलंच नव्हतं त्याला.

आता, जागच्या जागी लावणारा सॉर्ट काम करतो आणि गप्प बसतो. तो हातात काही देत नाही. दिनेशनं मात्र लिहिलं की सॉर्टकडून जे काय मिळेल ते त्याच नावाखाली ठेव. मिळालं काहीच नाही. म्हणून त्या नावाखाली 'काहीच नाही' ठेवलं गेलं आणि आठवड्याचं काम हवेत गेलं. त्यानं ॲरे छापून बघितला तर स्क्रीनवर एकच शब्द. नन.

तो उठून माझ्या टेबलाशी आला आणि हळूच म्हणाला, "सुजाता, ते सगलं नाय झालं."

मी विचारलं, नाय झालं म्हणजे काय?

"म्हंजे नायच. मशीन पन नायच म्हनतंय."

सरांकडे जायला त्याचे पाय उचलत नव्हते. शेवटी मीच त्याला घेऊन गेले. त्याला वाटत होतं, आजच घरी पाठवतील. सरांनी चष्मा वर केला, प्रोग्रॅम वाचला आणि शांतपणे म्हणाले, "मशीननं तुझे आकडे अगदी नीट लावून दिले होते रे. तू ते टाकून दिलेस आणि पावती मागत बसलास."

मग मी आणि वैशालीनं गुण मोठ्यानं वाचून दाखवले आणि दिनेशनं सगळं पुन्हा टाइप केलं. या वेळी दर पानाला फाइल. ऑफिसात मात्र ननला कायमचं 'नाय' हे नाव पडलं.

*

पुढे लोडशेडिंगचे दिवस आले. आमचा यूपीएस म्हणजे नावालाच. लाइट जायच्या वेळेला तो केविलवाणा वाजायला लागायचा आणि वाजता वाजताच जीव सोडायचा. त्यामुळे आम्हाला सवयच झाली होती. तो वाजला की डोकं चालायच्या आधी बोटं सेव्हकडे जायची.

एका संस्थेनं पाड्यापाड्यांतल्या लहान मुलांची वजनं घेतली होती. कोणतं मूल अशक्त आहे, कोणाला पोषण आहार सुरू करायचा, ते त्यावर ठरणार होतं. वैशाली त्यावर बसली होती. वजनांचा ॲरे तिनं जागच्या जागी लावला आणि दुसऱ्याच क्षणी तिच्या लक्षात आलं की नावांचा ॲरे वेगळा आहे, तो हललेलाच नाही. आता सगळ्यात कमी वजन पहिल्या नावासमोर आलं होतं, मग ते मूल गुटगुटीत का असेना.

तिच्या तोंडून नुसतं "अगं बाई" निघालं. मी उठून तिच्याजवळ गेले आणि तेवढ्यात यूपीएस वाजायला लागला.

वैशालीची बोटं सवयीनं निघाली. मी तिचं मनगट धरलं. तिनं माझ्याकडे बघितलं, तिलाही कळलं. आम्ही दोघी तशाच थांबलो, स्क्रीनवरचे ते चुकीचे आकडे बघत. यूपीएस वाजत होता. लाइट जायची एवढी वाट आयुष्यात कधी बघितली नव्हती. मग सगळं काळं झालं.

लाइट परत येईपर्यंत वैशाली खिडकीत बसून होती. मशीन सुरू झालं, फाइल उघडली. जुनी फाइल जशीच्या तशी होती. सर म्हणाले, आजपासून या ऑफिसात लोडशेडिंगला कोणी नावं ठेवायची नाहीत.

पुढे काही दिवसांनी आमच्या भागाचा वायरमन मीटर बघायला वर आला. वैशालीनं त्याला बळंच खुर्चीत बसवलं, खालून चहा आणि कांदाभजी मागवली. तो बिचारा एक भजी हातात धरून आमच्याकडे आळीपाळीनं बघत राहिला. मग त्यानं भजी परत बशीत ठेवली.

"मॅडम, खरं सांगा," तो म्हणाला, "मीटरमधी काय केलंय का तुमी?"

*

एक छोटा सांगते. मुंबईची एक मुलगी आमच्या भागातल्या पावसावर संशोधन करत होती. रोजचा पाऊस मोजून आमच्याकडे पाठवला होता तिनं. दिनेशला त्यातला सगळ्यात जोराचा दिवस काढायचा होता. त्यानं ॲरे जागच्या जागी लावला, उत्तर काढलं, आणि मग त्याच ॲरेचा आलेख काढून तिला पाठवून दिला. जूनपासून सप्टेंबरपर्यंत पाऊस रोज थोडा थोडा वाढत गेलेला. मुलीला आलेख फार आवडला. एवढी स्वच्छ रेघ तिनं बघितलीच नव्हती. तिनं तो थेट मार्गदर्शकांना दिला.

त्यांनी आलेखाखाली एकच ओळ लिहून परत पाठवला, "तुमच्या शहापुरात पाऊस उंचीप्रमाणे उभा राहतो काय?"

मुलीचा फोन आला तेव्हा ती रडत होती. दिनेश बराच वेळ रिसीव्हर कानाला लावून नुसतं हो ताई, हो ताई करत होता.

*

आता आकडे म्हटले की सगळे सारखे असं आम्हाला वाटायचं. तसं नसतं.

शहापूरजवळच्या एका कॉलेजानं परीक्षेची बैठकव्यवस्था आमच्याकडून करून घेतली. नंबर कॉलेजातल्या दोन क्लार्कनी टाइप केलेले. एकानं इंग्रजी आकड्यांत, दुसऱ्यानं मराठी आकड्यांत. आमच्या मशीनला ते आकडे न वाटता अक्षरं वाटली, आणि अक्षरांत इंग्रजी आधी, देवनागरी नंतर. आम्ही सॉर्ट केलं, वरचं पान बघितलं, ठीक दिसलं, दिलं पाठवून.

परीक्षेच्या दिवशी सकाळी कॉलेजातून फोन. नंबर क्रमानं सापडत नाहीत म्हणून गोंधळ उडाला होता. सर आणि मी रिक्षानं धावलो. व्हरांड्यात मुलं हातात हॉल तिकीट घेऊन सैरावैरा फिरत होती. काही मुली रडकुंडीला आलेल्या. एक मुलगी माझा हात धरून सारखं एकच विचारत होती की तिचा नंबरच लागला नसेल तर वर्ष जाईल का. मी दारावरच्या यादीत तिचा नंबर शोधायला लागले.

प्राचार्य मात्र गृहस्थ शांत. त्यांनी घंटा थांबवून धरली, शिपायांना दारांवरचे कागद फाडायला सांगितले आणि शिक्षकांना उभं करून नंबर पुकारून मुलांना बसवलं. पेपर थोडा उशिरा सुरू झाला, पण सगळी मुलं बसली. त्या मुलीनं बाकावरून माझ्याकडे बघून मान हलवली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला.

सर प्राचार्यांची माफी मागायला गेले. नेमकं झालं काय ते त्यांनी समजावून सांगितलं. प्राचार्य ऐकत राहिले, मग वर्गाकडे बघत म्हणाले, "म्हणजे इथंही इंग्रजीवालेच पुढच्या बाकावर."

*

मुरबाडचं ते हे.

तालुक्याच्या शालेय स्पर्धा होत्या. धावण्याच्या वेळा आम्ही तिथल्या तिथे लॅपटॉपवर घेऊन निकाल द्यायचा, असं सरांनी कबूल केलं होतं. वैशाली माहेरच्या गावात मिरवायला मिळणार म्हणून नवीन साडी नेसून आलेली. मैदानावर मांडव, लाउडस्पीकर, पाहुणे.

मुलींची शर्यत झाली. आम्ही वेळा भरल्या, या वेळी नावांसकट जागच्या जागी सॉर्ट केलं. सगळ्यात कमी वेळ तो पहिला नंबर, साधी गोष्ट. नाव माइकवर गेलं. टाळ्या पडल्या. कोणी आलं नाही. पुन्हा नाव पुकारलं. पाहुणे हातात ढाल घेऊन उभे.

माझं लक्ष धावपट्टीकडे गेलं. तिथे एक सावळी, अनवाणी मुलगी उभी होती. तिला पक्कं ठाऊक होतं की सगळ्यांच्या आधी दोरी तिनंच तोडली. ती स्टेजकडे बघत होती आणि तिचे डोळे भरून येत होते. मी वैशालीला कोपरानं ढोसलं. आम्ही दोघींनी स्क्रीन बघितला. पहिल्या नावासमोर वेळ होती शून्य. जी मुलगी आलीच नव्हती तिच्यासमोर कोणीतरी शून्य भरून ठेवलं होतं.

माइकवाल्या गुरुजींपर्यंत पोचायच्या आत गर्दीतून एक माणूस वाट काढत स्टेजशी आला. डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. तो त्या पुकारलेल्या मुलीचा बाप. म्हणाला, ती नाय आली, तिला ताप हाय. माइकवाले गांगरले. त्यांनी माइक तोंडापासून बाजूला न घेताच त्याला सांगितलं की मशीनप्रमाणे तुमची मुलगी पहिली आहे.

बापानं जरा विचार केला. मग सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाला, "मंग मशीनला सांगा, ती अजून उठली पन नाय."

हशा पिकला. त्या हशात वैशाली धावत स्टेजवर गेली आणि खरं नाव सांगितलं. अनवाणी मुलगी ढाल घ्यायला निघाली, ती चालत नाही, पळतच गेली. आणि तो बाप घरी जायच्या ऐवजी तिथेच उभा राहिला. सगळ्यात जोरात टाळ्या त्याच्या.

*

हा आम्ही फारसा सांगत नाही, कारण यात चुकले ते सर.

एका संस्थेनं विहिरींचं पाणी तपासून घेतलं होतं. दर गावाची एक ओळ, त्यात क्षार किती, फ्लोराइड किती, नायट्रेट किती. काम नाजूक म्हणून सरांनी ते आम्हाला दिलंच नाही, स्वतः केलं. गावं खराब पाण्याच्या क्रमानं लावायची होती. सरांनी पूर्ण तक्ता वरून खाली असा एकदम सॉर्ट केला. पण त्या लायब्ररीला असं सांगितलं की ती ओळी हलवत नाही. दर रकाना ती स्वतंत्रपणे लावते. गावांची नावं वेगळ्या ॲरेत, ती जागेवरच. झालं असं की पहिल्या गावाला प्रत्येक गोष्टीतलं सगळ्यात चांगलं पाणी मिळालं आणि शेवटच्या पाड्याला प्रत्येक गोष्टीतलं सगळ्यात वाईट.

अहवाल गेला. संस्थेनं त्यावरून त्या शेवटच्या पाड्याच्या विहिरीवर लाल रंगानं मोठी फुली मारली. बायका उतारावरच्या ओहोळावरून हंडे आणायला लागल्या.

वैशाली एकदा जुन्या अहवालांची पानं लावत होती. मध्येच थांबली. तिनं मला बोलावलं आणि बोट एका रकान्यावरून खाली नेलं. आकडे वाढत वाढत गेलेले. दुसऱ्या रकान्यावरून नेलं. तेच. तिसऱ्यावरून. आम्ही एकमेकींकडे बघितलं. सरांना सांगायचं कोणी?

वैशालीनंच सांगितलं. ती पान घेऊन गेली आणि काही न बोलता बोट तसंच वरून खाली फिरवलं. सर बघत राहिले. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं त्यांना काहीतरी होतंय. त्यांनी फक्त एवढंच विचारलं, "मग खरोखर वाईट पाणी कोण पितंय?"

ते आम्हाला कोणालाच माहीत नव्हतं. प्रयोगशाळेला फोन केला, त्यांनी मूळ आकडे पुन्हा पाठवायचं कबूल केलं. ते येईपर्यंत सर उभेच होते, खिडकी ते दार, दार ते खिडकी. आकडे आले. पाड्याचं पाणी अगदी चांगलं निघालं. वाईट होती ती अधल्यामधल्या एका गावच्या शाळेची विहीर.

सर आम्हाला घेऊन तडक शाळेत गेले. मास्तरांनी त्यांच्यासमोरच माठ ओतून दिले. मुलांना त्रास झाला होता का ते तपासायला डॉक्टर आणला, फार काही निघालं नाही. तिथून आम्ही पाड्यावर गेलो. सरांनी विहिरीपाशी बायकांना गोळा करून सांगितलं की पाणी चांगलं आहे, चूक माझी आहे, फुली चुकून पडली.

मग एका बाईनं विचारलं, "मंग ता लाल कोन पुसनार?"

सरांनी रॉकेल मागितलं. पँट वर दुमडली, कठड्याशी गुडघे टेकले आणि फडक्यानं घासायला लागले. दिनेश पुढे झाला तर त्याला हातानंच मागे सारलं. ऑइलपेंट तो, सहजासहजी थोडाच निघतो? बायका हंडे कमरेवर घेऊन बघत होत्या. बऱ्याच वेळानं ती मघाची बाई घरात गेली, आणखी एक फडकं घेऊन आली आणि फुलीची दुसरी रेघ घासायला बसली.

*

आता उंबरमाळीचं सांगते आणि थांबते.

उंबरमाळीच्या वर डोंगरात एक पाडा आहे. एका संस्थेनं तिथे तपासणीचं शिबिर घेतलं. मालती सिस्टर बोटाला टोचून साखर बघायच्या, संस्थेचा एक कार्यकर्ता छोट्या मशीनवरचा आकडा वाचायचा, वैशाली तो लॅपटॉपवर टाइप करायची, दिनेश मदतीला. सरांना तेव्हा कागद नको झाला होता. थेट लॅपटॉपवर घ्या, म्हणजे उतरवताना चुका नाहीत. सिस्टर रांगेत गुंतलेल्या, वाचणाऱ्याला आकड्याचा अर्थ माहीत नाही, वैशालीलाही नाही. अर्थ नंतर लावायचा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाइल दिनेशनं घेतली. त्यानं तक्त्यातून साखरेचा रकाना बाजूला काढला आणि सॉर्ट केला. त्याची समजूत, बाजूला काढला म्हणजे वेगळा झाला. पण त्या लायब्ररीत बाजूला काढलेला रकाना वेगळा नसतो. ती त्याच तक्त्याला पाडलेली खिडकी असते. खिडकीतून आकडे हलवले की ते आतले हलतात. त्यानं फाइल त्याच नावानं सेव्ह केली आणि सिस्टरांना शेवटचा आकडा दाखवला.

सिस्टर अहवालासाठीच आल्या होत्या. त्यांनी तो आकडा दोनदा वाचला. म्हणाल्या की हा आकडा खरा असेल तर हे माणूस कुठल्याही क्षणी बेशुद्ध पडेल, नाव सांगा. दिनेशनं नाव सांगितलं. वैशाली तिथेच होती. ती म्हणाली की हे नाव रांगेत शेवटी आलं होतं. आणि त्याच्या वरचं नाव त्याच्या आधी. नावं रांगेतल्या क्रमानंच आहेत, मग आकडे असे वाढत कसे गेलेत?

दिनेशला कळलं. मूळ तक्ताच हलला होता.

सिस्टर उठल्या. "कोणी का असेना, त्याला आज दवाखान्यात न्यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. सरांनी जीप बोलावली आणि आम्ही सगळे निघालो.

जीप पायथ्यापर्यंतच जायची. सरांचे गुडघे दुखायचे, ते ड्रायव्हरबरोबर खाली थांबले. आम्ही चौघं चढायला लागलो. सिस्टरांकडे मशीनच्या पट्ट्या थोड्याच उरल्या होत्या, सगळ्या पाड्याला पुरणार नव्हत्या. म्हणून त्यांनी सांगितलं, आधी घरोघर विचारायचं. तहान फार लागते का, सारखं लघवीला जावं लागतं का, अंग उतरलंय का. जो हो म्हणेल त्याचंच बोट टोचायचं.

दिनेश सगळ्यांच्या पुढे. चढताना त्याला दम लागत होता, मध्येच दगडावर टेकायचा, परत उठायचा. मी म्हटलं जरा सावकाश चल. तर म्हणाला, माज्यामुलं कोन मरायला नको. हल्ली तो बारीकही झाला होता. वैशाली त्याला चिडवायची की लग्न जमतंय वाटतं. त्या दिवशी तिनं चिडवलं नाही.

प्रत्येक दारात तोच आधी पोचायचा. ओसरीवर बसायचा, पाणी मागायचा, तांब्या संपवायचा आणि मग विचारायचा, "आजी, तुमाला तहान लय लागते काय?" आजी नाय म्हणायच्या. पुढचं घर. पाणी. "काका, तहान लय लागते काय?" काका म्हणायचे, उन्हात लागते तेवढीच. दोघातिघांची बोटं टोचली, काहीच निघालं नाही. एक म्हातारबाबा खोकत पडले होते, वाटलं हेच. तेही नाहीत. जसजशी घरं संपत आली तसतशा सिस्टर भराभर चालायला लागल्या. एखादा माणूस रानात गेलेला असेल तर? तिथेच पडला असेल तर? वैशालीनं नावं पुन्हा मोजून बघितली. सगळी भेटली होती, शेवटचं घर सोडून.

शेवटच्या घरात नवराबायको दोघंच. दोघंही ठणठणीत. बाई भात कांडत होती, ती उठून पाणी घेऊन आली. दिनेशनं तांब्या संपवला आणि परत पुढे केला. तिनं भरून आणला. तोही संपला. त्यानं तिसऱ्यांदा हात पुढे केला तेव्हा ती तांब्या धरून तशीच उभी राहिली आणि त्याच्याकडे काळजीनं बघायला लागली.

"दादा," ती म्हणाली, "तू आमाला इचारतंस, ता तुलाच होतं काय रं?"

दिनेश हसला. म्हणाला, मी चढून आलोय म्हनून गो.

बाकी कोणी हसलं नाही. सिस्टरांनी खांद्यावरची पेटी खाली ठेवली. वैशालीकडे न बघताच त्यांनी विचारलं, "शिबिरात पहिलं बोट कोणाचं टोचलं होतं मी?"

वैशाली म्हणाली, "दिनेशचं. बायका घाबरून पुढे येत नव्हत्या, म्हणून त्यानं आधी हात दिला. ती ओळ मी 'चाचणी' म्हणून घातली होती."

सिस्टरांनी पट्टी काढली. दिनेशला ओसरीवर बसवलं, त्याचा हात आपल्या मांडीवर घेतला आणि टोचलं. मशीन आकडा दाखवायला वेळ घेतं, तेवढा वेळ तो मशीनकडे बघतच नव्हता. तो माझ्या तोंडाकडे बघत होता.

सिस्टरांनी आकडा वाचला आणि मशीन उलटं करून पदरात ठेवलं. मग अगदी हळू आवाजात मला म्हणाल्या, "सुजाता, पळत खाली जा. सरांना सांग, जीप जितकी वर आणता येईल तितकी आणा."